तंगड्या दोनच

कोंबडीला तंगड्या दोनच. देवानं तिला चार दिल्या असत्या तर घरातली निम्मी भांडणं झाली नसती, असं मोठीमाय, म्हणजे माझी मोठी काकू, म्हणायची. आणि लगेच जोडायची, की उरलेली निम्मी कलेजीवरून झालीच असती.

रिसोड तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरात रात्रीच्या पंगतीला चौदा-पंधरा ताटं असायची. कोंबडी एकच. गावरान, उकिरडे उकरून चिवट झालेली, साफ केल्यावर किलोभर भरली तर भरली. तिची वाटणी ठरलेली होती आणि ती कुणी ठरवली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एक तंगडी पाहुण्याची. पाहुणा नसेल तर आबांची, म्हणजे माझ्या मोठ्या काकांची. दुसरी, ज्याची परीक्षा जवळ आलीय किंवा ज्याचा ताप नुकताच उतरलाय अशा मुलाची. मुलाची म्हणजे मुलाचीच. कलेजी शेंडेफळाला. छातीचे तुकडे कर्त्या माणसांना, पाठ आणि पंख सालगड्याला नि आम्हा मधल्या पोरांना. बायकांच्या वाट्याला रस्सा, आणि रस्स्यात काही सापडलंच तर ते. मान मोठीमायची. तिला मान फार आवडते, असं घरात सगळ्यांना माहीत होतं. तिनंच सांगितलं होतं.

आमच्याकडे सामिष घरातल्या चुलीवर शिजत नसे. परसात तीन दगड मांडायचे, त्यावर फक्त याच कामाचं काळं पडलेलं गंज चढवायचं, आणि शिजवायचं काम पुरुषांचं. वर्षभर ज्यांनी स्वतःच्या हातानं पाणीही घेतलं नाही असे आबा त्या दिवशी कांदे आणि खोबऱ्याची वाटी निखाऱ्यात भाजायचे, पाट्यावर खसखस वाटायचे, लाल तिखटाचा अंदाज डोळे बारीक करून घ्यायचे. पोळ्याची कर, धुळवड, कुणाचा नवस, किंवा अचानक आलेला जावई, एवढीच निमित्तं. पाहुणे वाढले की रस्सा वाढायचा. कोंबडी तेवढीच राहायची. पण रांधलं कुणीही तरी वाढणारी मोठीमाय. कंदिलाच्या उजेडात, बोटभर लाल तवंगाखाली कुठला तुकडा कुठं आहे हे तिच्या पळीला दिसायचं. ती कधी चुकली नाही. माझ्या धाकट्या बहिणीला तंगडी मिळाल्याचं मला आठवत नाही. तिनं मागितल्याचंही आठवत नाही.

त्या बहिणीची मुलं आता पुण्यात वाढतायत. दिवाळीच्या सुट्टीत ती रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं वाशीमला येतात, फराळ दोन दिवसांत संपवतात, आणि भाऊबीज झाली की भाचा विचारतो, "मामा, नगेट्स कधी?" माझी मुलगी, जी वर्षभर रस्साभाकरी काहीही कटकट न करता खाते, तीही त्याच्या बाजूनं उभी राहते. धाकटी भाची सहा वर्षांची. तिला ताटात हाड दिसलेलं चालत नाही. हाड दिसलं की तिला कोंबडी दिसते, आणि कोंबडी दिसली की ती जेवण सोडून तिच्याविषयी प्रश्न विचारायला लागते. ती कुठं राहायची, तिला नाव होतं का. नगेट समोर आला की प्रश्न थांबतात. सोनेरी, बोटाएवढा, कडेनं कुरकुरीत, आत पांढरा नि मऊ. पहिला जसा लागला तसाच सातवाही लागणार याची खात्री. दोन ते सहा वर्षांच्या वयात मुलं अनोळखी अन्नाला सगळ्यात जास्त नाक मुरडतात, हे बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि कुठलीही आई त्यांच्या आधीपासून सांगत आलेली आहे. रस्स्यातल्या कोंबडीत प्रत्येक घास नवा: इथं शीर, तिथं कूर्चा, मध्येच काळसर मांस. मुलांना तो नवेपणा नको असतो. त्यांना भरवसा हवा असतो.

पाकिटातले गोठवलेले नगेट्स वाशीमलाही मिळतात. पाटणी चौकाच्या आसपास शोधलं तर एखाद्या दुकानाच्या फ्रीजरमध्ये दिसतात. पण आमच्याकडे वीज जाते आणि येते, आणि ती गेलेली असताना त्या फ्रीजरच्या पोटात काय चाललं असेल याचा विचार केला की मला घरी केलेले बरे वाटतात. शिवाय सामिष रांधणं हे आमच्या घरात पुरुषाचं काम. परसातली चूल गेली, गंज माळ्यावर गेलं, तेवढं काम माझ्याकडे उरलं.

नगेट ज्याच्या डोक्यातून निघाला त्या माणसाविषयी वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आमच्या मोठीमायची आठवण झाली. रॉबर्ट बेकर त्याचं नाव. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठ आहे. तिथं तो कोंबडी आणि अंड्यांवर काम करणारा प्राध्यापक होता. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या राज्यातले कोंबडीपालक अडचणीत आलेले. कोंबड्या उदंड झाल्या होत्या, पण अख्खी कोंबडी घरी नेऊन कापायला, तास-दीड तास शिजवायला कुणाला सवड नव्हती. अंडी देऊन थकलेल्या कोंबड्यांना तर गिऱ्हाईकच नव्हतं. लोकांना चांगले तुकडे हवे होते. मान, पाठ, पंख यांचं काय करायचं? म्हणजे जो प्रश्न आमच्या परसातल्या गंजात होता तोच त्या अख्ख्या राज्यापुढं होता. आम्ही तो सालगड्याच्या, मधल्या पोरांच्या नि मोठीमायच्या ताटात ढकलून सोडवला होता.

बेकरनं त्याचा खिमा केला. ऐकायला सोपं वाटतं. पण त्यात दोन अडचणी होत्या. कातडी नसलेला खिमा एकत्र राहत नाही, आणि त्यावरचं आवरण गोठवताना आकसतं नि तळताना सुटून तेलात पसरतं. त्यानं आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी खिम्यात मीठ आणि व्हिनेगर घालून तो मळला. मिठानं मांसातली चिकट प्रथिनं बाहेर येतात नि तीच गोंदाचं काम करतात. जोडीला दुधाची भुकटी आणि धान्याचं पीठ. मग कांड्या वळून गोठवल्या, अंड्यात आणि कॉर्नफ्लेक्सच्या चुऱ्यात घोळवल्या, आणि पुन्हा गोठवल्या. 1963 साली त्यानं ही सगळी रीत विद्यापीठाच्या पुस्तिकेत छापली. पेटंट घेतलं नाही. पुस्तिका शेकडो खाद्यकंपन्यांना टपालानं फुकट गेली. 1983 साली मॅकडोनाल्ड्सनं आपले नगेट्स अमेरिकाभर आणले तेव्हा त्या धंद्यातला पैसा बेकरकडे आला नाही. तो 2006 साली गेला. त्याच्या खात्यावर टर्की हॅम आहे, कोंबडीचे हॉट डॉग आहेत, आणि अंगणातल्या शेगडीवरच्या कोंबडीला चोपडायचा व्हिनेगरचा एक मसाला आहे, ज्यासाठी न्यूयॉर्कच्या जत्रेत अजून रांगा लागतात. मला हा माणूस आवडतो. सगळ्यांना नकोसा असलेला वाटा त्यानं उचलला, आणि जगातल्या पोरांनी तोच आधी मागावा असा केला.

आता आमची रीत सांगतो.

कोंबडी मी दुकानात उभा राहून कापून घेतो. बोनलेसचं पाकीट घेत नाही; पैसे जास्त जातात आणि हाडं दुकानदाराकडे राहतात. पावणेदोन-दोन किलोची जिवंत कोंबडी घेतली की साफ करून, हाडं वेगळी काढून, पाऊण किलोच्या आसपास नुसतं मांस मिळतं. दुकानातला पोरगा हाडावरून मांस उतरवताना पाहण्यासारखा असतो. तंगडीच्या आतल्या बाजूनं एक चीर, सुरीचं टोक हाडाला लावून दोन खरवडे, आणि हाड मुठीत धरून ओढलं की बाहेर. "खिमा मशीनचा का सुरीचा?" असं तो विचारतो. सुरीचा. मशीनमध्ये मांस गरम होतं आणि त्याचा लगदा होतो. मग नगेट रबरी लागतो. छाती नि तंगडी दोन्ही एकत्र हवीत. नुसत्या छातीचा नगेट कोरडा, कितीही सॉस लावा. तंगडीच्या मांसात चरबी असते, ती आत ओलावा धरते.

घरी आल्यावर पहिली गोष्ट थंडी. परात फ्रीजमध्ये ठेवलेली असते. खिमा गार, हात गार पाण्यात बुडवून पुसलेले. चरबी सैल पडली की गोंद धरत नाही. बेकरनं जे केलं त्याचं मर्म इथं आहे. अर्धा किलोला सपाट चमचा मीठ आणि वर चिमूट, चमचाभर व्हिनेगर, दोन चमचे दुधाची भुकटी, दुधात भिजवून पिळलेली पावाची एक चकती, लसूण-आल्याची गोळी, अर्धा चमचा मिरपूड. बस. हळद नाही, तिखट नाही. सांबारही नाही, कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, आणि तिचं एक हिरवं पान आत दिसलं तरी भाची "ह्यात भाजी आहे" असं जाहीर करून हात आखडते. मीठ आधी घालायचं आणि मग मळायचं. दोन-तीन मिनिटांनी खिम्याचा पोत बदलतो. सुटा असलेला गोळा बोटांना धरायला लागतो, परातीला चिकटतो, उचलला की तार निघते. इथं थांबायचं.

पहिल्यांदा मी हे करत होतो तेव्हा मोठीमाय शेजारी येऊन बसली. आबा गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. ऐंशी पार. तिनं परातीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "हाडूक कुठी हाय याच्यात?"

"काढलं. लेकरायले नको असते."

"मंग चोखावं काय त्याईनं?"

मी काही बोललो नाही. तिनं बांगड्या मागं सारल्या, पाण्यात हात बुडवला आणि गोळा माझ्याकडून घेतला. श्रावण ते दसरा ती सामिषाला शिवत नाही, आणि एरवीही तिनं कधी कच्च्या कोंबडीला हात लावलेला नव्हता. ते पुरुषांचं काम. पण उडदाचे वडे थापण्यात तिचं आयुष्य गेलेलं. गोळा हातावर घेऊन, दाबून, कडा अंगठ्यानं बंद करून तिनं एकेक वडी बाजूला ठेवली आणि वजनकाट्याची गरज राहिली नाही. सगळ्या सारख्या. पंधरा ताटांना एक कोंबडी पुरवणाऱ्या हाताचा अंदाज आहे तो. फक्त तेव्हा तो अंदाज तुकडे वेगवेगळे करण्यासाठी वापरला जायचा.

वड्या अर्धा तास फ्रीजरमध्ये. मग आवरण. पुस्तकांत आणि व्हिडिओंत जपानी पावाचा चुरा सांगतात. तो वाशीमच्या किराण्यात कुणी ठेवत नाही आणि त्याची गरजही नाही. आमच्या बेकरीत मिळणारे चहाचे टोस्ट लाटण्यानं जाडसर कुटले की उत्तम चुरा होतो. मात्र फार गोड टोस्ट घेऊ नयेत, तळताना करपतात. त्यात मी मूठभर ज्वारीच्या लाह्या चुरून घालतो. ही माझी भर, आणि मला तिचा अभिमान आहे. लाहीत हवा असते, ती तेलात फुलून पापुद्रा सुटा ठेवते. गार वडी आधी मैदा-कॉर्नफ्लोअरमध्ये लोळवायची, मग फेटलेल्या अंड्यात, मग चुऱ्यात. एक हात कोरड्याला, एक हात ओल्याला. हे पोरांना सांगून उपयोग नसतो, त्यांच्या दहाच्या दहा बोटांचे नगेट होतात. अंडं आणि चुरा पुन्हा एकदा केला की कवच जाड होतं. परत पंधरा मिनिटं गार, आणि मग कढई. चुऱ्याचा कण टाकला की तो तळाशी न जाता लगेच फसफसत वर यायला हवा. पावणेदोनशे अंश म्हणतात ते हेच. गर्दी न करता सात-आठ सोडायचे, दोन मिनिटं सराट्यानं डिवचायचे नाहीत, मग उलटायचे, आणि चार-पाच मिनिटांत बाहेर. पहिला मधोमध तोडून बघायचा. आत गुलाबी छटा नको. तो तोडलेला नगेट रांधणाऱ्याचा. हा नियम आबांचा आहे. रस्स्याचं मीठ पाहायला म्हणून ते जो तुकडा काढायचे तो काही लहान नसे.

कढईतलं तेल सोयाबीनचं. वाशीमला आणखी कुठलं असणार? खरिपात या जिल्ह्यातल्या दर चार एकरांपैकी जवळजवळ तीन एकरांवर सोयाबीन उभं असतं. माझ्या लहानपणी वावरात ज्वारी होती, कपाशी होती, मूग-उडीद होते, कडेला तीळ नि अंबाडी होती. मग जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं जेएस-335 हे वाण आलं. नव्वदच्या दशकात बघता बघता त्यानं कपाशी खाल्ली, ज्वारी खाल्ली. तीन-साडेतीन महिन्यांत हातात पैसा, दिवाळीच्या तोंडावर. 1998 साली 1 जुलैला अकोल्यातून फुटून वाशीम हा वेगळा जिल्हा झाला तेव्हा तो जन्मला तोच सोयाबीनच्या पेऱ्यात. मुलं सुट्टीला येतात तेव्हा थ्रेशर नुकतं गावातून गेलेलं असतं, कुटाराचे ढीग धुऱ्यावर असतात, आणि ज्याची ऐपत आहे त्याच्या ओसरीवर पोती थप्पीला लागलेली असतात, भाव वाढण्याच्या आशेवर.

या सोयाबीनच्या दाण्यात तेल पाचव्या हिश्श्याहून थोडं कमीच. बाकी ढेप, म्हणजे सोयापेंड. ती जाते कुठं? मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात. ब्रॉयलरच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मका, आणि चौथा ते तिसरा हिस्सा सोयापेंड. कोंबडी पाच-सहा आठवड्यांत दोन किलोची होते तोवर सव्वातीन-साडेतीन किलो खाद्य फस्त करते. एका रात्री मी कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला: एका कोंबडीमागं किलोभर पेंड, म्हणजे सव्वा किलो सोयाबीन. एकरी सात क्विंटल पिकलं, चांगलं वर्ष धरून, तर एका एकरावर साडेपाचशे कोंबड्या. भाच्याला दाखवला तर तो म्हणाला, "म्हणजे नगेट्स शेतातच येतात." मोठीमायला हा विनोद वाटला नाही. "मंग भाव काहून नाई येत?" तिनं विचारलं.

भावाचं तर कोंबडीशी थेट नातं आहे. 2021 च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात सोयाबीन चढत चढत क्विंटलला दहा हजारांपर्यंत गेलं होतं. खाद्य महागलं म्हणून पोल्ट्रीवाले ओरडले, आणि त्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं 12 लाख टन जनुकीय बदल केलेली सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. नवं पीक बाजारात यायच्या बेताला भाव जवळजवळ निम्म्यावर आले. दोन्ही बाजूंचं आपापल्या जागी खरं होतं. 2024-25 ला हमीभाव 4892 रुपये होता आणि बाजार समितीतल्या बोलीत शेतकऱ्याला तोही दिसेना. त्याच हंगामात मी चिकन सेंटरवर किलोचा दर विचारत उभा होतो आणि महाग म्हणून कुरकुरत होतो. त्या कोंबडीत आपलाच कुणाचा तरी माल स्वस्तात गेलेला आहे, हे दुकानातल्या तराजूपुढं आठवत नाही. 1971 साली बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज काढली तेव्हापासून कोंबडी ही अंगणातली न राहता शेडमधली झाली. तिच्यामुळं मांस गरिबाच्या ताटात आठवड्याला येऊ शकलं, हे मी नाकारणार नाही. पंधरा ताटांना एक कोंबडी, हा हिशेब तिनंच मोडला.

तर नगेट. एका कोंबडीचे चाळीसेक होतात. परातीत चाळीस सारखे तुकडे मांडलेले मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा काही क्षण हातातला झारा तसाच राहिला. यात तंगडी कुठली, छाती कुठली, कुणालाच सांगता येणार नव्हतं. वाढायला पळीचं कौशल्य लागणार नव्हतं. भाचीला चार, भाच्याला चार, माझ्या मुलीला चार, आणि प्रत्येकाच्या चारांत तंगडीचा नि छातीचा तेवढाच अंश. माझी बहीण ओट्याला टेकून उभी होती. तिनं एक उचलला, फुंकर मारली, खाल्ला, आणि म्हणाली, "दादा, हे आपल्या लहानपणी करायला पाहिजे होतं." सहज म्हणाली. पुढं काही नाही.

पोरांची समता मात्र ताटाला लागेपर्यंतच टिकली. मोठीमायच्या वड्या एकसारख्या होत्या, पण शेवटी शेवटी पोरांनी स्वतः वळलेल्या काही होत्या. एकीचा बूट झाला होता, एकीचं टोक तळताना वाकलं होतं. भांडण त्या बुटावरून. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सनं नगेटचे चारच साचे ठेवलेत: गोळा, घंटा, बूट आणि बो-टाय. मला आधी ही नुसती जाहिरातबाजी वाटायची. आता वाटतं, ज्यानं कुणी ठरवलं त्याच्या घरात दोनाहून जास्त लेकरं असावीत. सगळे तुकडे सारखे झाले की माणूस त्यांत फरक शोधायला बसतो, आणि चार साचे म्हणजे तेवढ्यापुरती सोय. बूट शेवटी भाचीला गेला, कारण ती सर्वांत लहान. कलेजीचा जुना कायदा तिच्या कामी आला.

मोठ्यांसाठी त्याच कोंबडीच्या हाडांचा रस्सा होतो. हाडं, मान, पाठीचा पिंजरा कुकरला लावून पाणी काढायचं. भाजलेलं खोबरं, खसखस, कांदा, आणि इथं मात्र तिखटाला हात आखडायचा नाही. नगेटमध्ये जे जे टाळलं ते सगळं या भांड्यात जातं. पोरं कुरकुरीत खातात आणि आम्ही शेजारी भाकरी कुस्करून भुरके मारतो, कपाळावर घाम येईस्तोवर. माझ्या मुलीला दोन्ही हवं असतं. ती नगेट रस्स्यात बुडवते. भाचा तिच्याकडे पाहतो आणि आपली वाटी लांब सरकवतो.

मी मोठीमायच्या ताटात आठवणीनं मान वाढली. तिनं ती बोटानं फिरवली, थोडी चोखली, बाजूला ठेवली. दाढा गेल्या, समोरचे दोन उरलेत. "आता मान खायाचं बळ नाई राह्यलं," ती म्हणाली. मी नगेट पुढं केला. तिनं वास घेतला, तोडला, आतला पांढरा भाग बोटानं दाबून पाहिला. "फिकं हाय." मग जवसाच्या चटणीत बुडवून खाल्ला. मग दुसरा.

रात्री जावई येणार होते, बहिणीचा नवरा. पुण्याहून उशिरा निघाले होते. मोठीमायनं ताटली मागून घेतली आणि त्यांच्यासाठी नगेट्स काढून ठेवले. आठ. पोरांना चार-चार, आणि जावयाला आठ. भाचीनं मोजले.

"बाबांना जास्त का?"

"जावई हायत थे आपले."

"पण सगळे सारखेच आहेत ना?"

"नगेट सारखे हायत," मोठीमाय म्हणाली, "मानसं नाई."

बहीण हसली नाही. तिनं ताटलीवर वेळणी झाकली आणि ती ओट्याच्या आतल्या बाजूला सरकवून ठेवली.

जावई आले तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. हातपाय धुवून ते पाटावर बसले, बहिणीनं वेळणी उचलली, तर ताटलीत तीन. पोरांना उठवून विचारायची गरज नव्हती. ती नऊलाच झोपली होती आणि झोपताना त्यांच्या पोटांत जागा नव्हती. आम्ही सगळ्यांनी खाटेकडे पाहिलं. मोठीमाय जपमाळ घेऊन बसलेली, लुगड्यावर टोस्टचा चुरा.

"मले काय पाह्यता?" ती म्हणाली. "मले दात हायत का?"

जावई म्हणाले, तीन पुष्कळ झाले, रस्सा आहे ना. बहीण त्यांच्याकडे न बघता म्हणाली की फ्रीजरमध्ये अजून एक डबा आहे. मी कढई पुन्हा चढवली. गोठलेले नगेट्स तळताना आच थोडी कमी ठेवावी लागते आणि दोन मिनिटं जास्त द्यावी लागतात, नाहीतर कवच लाल होतं आणि आत बर्फ राहतो.